ग्रह फुगलेला नाही, आलेखाचा डावा खांदा उतरला आहे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही ना, हे तुम्हालाही कळेल. आठ इंची दुर्बीण, कृष्णधवल कॅमेरा, फिल्टर काहीच नाही. एचडी १८९७३३ या नारिंगी बटू ताऱ्यासमोरून त्याचा महाकाय ग्रह जाताना तुम्ही एका रात्रीत टिपलात. ताऱ्याचं तेज २.९ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या ०.८० पट धरून गणित केलंत, तर ग्रह गुरूच्या १.३३ पट आला. जिथे पाहावं तिथे मात्र १.१४ लिहिलेलं. तर चूक कुठे झाली, ताऱ्यावरच्या डागांमुळे असं होऊ शकतं का, आणि जाता जाता, हा ग्रह निळा आहे आणि तिथे काचेचा पाऊस पडतो ते कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्याच अधिक्रमणात, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, इतका स्वच्छ आलेख निघणं ही साधी गोष्ट नाही. माझा पहिला आलेख कुणाला दाखवण्याच्या लायकीचा नव्हता. पण आलेख स्वच्छ असला की माणूस त्यातल्या आकड्यावर जरा जास्तच विश्वास टाकतो, आणि इथे तेच झालंय. ठिपके विखुरलेले नाहीत म्हणजे मोजमाप बरोबर आहे, असं होत नाही. विखुरणं आणि कलणं हे दोन वेगळे आजार आहेत. तुमचा आलेख दुसऱ्याने आजारी आहे.

आधी मूळ मुद्दा. अधिक्रमणात आपण ग्रह मोजत नाही. आपण एकच गोष्ट मोजतो, ती म्हणजे ताऱ्याच्या उजेडातला किती हिस्सा झाकला गेला. हा भागाकार आहे, आणि भागाकारात खालची संख्या चुकली की वरची कितीही काळजीपूर्वक मोजली तरी उपयोग नाही. खालची संख्या म्हणजे 'ग्रह समोर नसताना ताऱ्याचं तेज किती असतं' ही. ती तुम्ही कुठून घेतलीत? तुम्ही लिहिलंय की अधिक्रमण सुरू होण्याआधीची फक्त बाराच मिनिटं मिळाली, म्हणून नंतरच्या दीड तासाची सरासरी १.००० धरली. आता तुमचाच आलेख पुन्हा पाहा. डावीकडचे, म्हणजे आधीचे ठिपके ०.९९६ च्या आसपास आहेत. डावा खांदा उजव्यापेक्षा चार हजारांश खाली आहे. चार हजारांश म्हणजे ०.४ टक्के, आणि तुमचा सगळा घोळ जवळपास तेवढाच आहे!

हा खांदा का उतरला? तुमचा तारा नारिंगी आहे आणि तुलनेसाठी घेतलेला तारा निळसर पांढरा. निरीक्षण सुरू केलंत तेव्हा तारा क्षितिजापासून ७० अंशांवर होता, संपवलंत तेव्हा २७ अंशांवर. म्हणजे शेवटी त्याचा प्रकाश सुरुवातीच्या दुपटीहून जास्त हवेतून येत होता. हवा निळा प्रकाश जास्त खाते आणि लाल कमी. उगवता-मावळता सूर्य तांबडा दिसतो, त्याचंच हे गणित. फिल्टर नसलेला कॅमेरा निळ्यापासून अवरक्तापर्यंत सगळं गोळा करतो, त्यामुळे तारे खाली उतरू लागले की निळा तुलना-तारा नारिंगी ताऱ्यापेक्षा जास्त वेगाने मंद होतो. तुम्ही दोघांचं गुणोत्तर काढता. भागणारा मंद झाला की गुणोत्तर वर चढतं. तुमच्या आलेखात नारिंगी तारा अधिक्रमणानंतर हळूहळू 'उजळतो' आहे, तो खरं तर उजळत नाहीये, त्याचा सोबती विझत चाललाय.

आणि हवेचा थर सारख्या दराने वाढत नाही. ७० अंशांवरून ५५ वर येताना फारसा फरक पडत नाही, ४५ च्या खाली गेल्यावर तो भराभर वाढतो. म्हणून तुमच्या चढापैकी बहुतेक चढ अधिक्रमणाच्या मध्यानंतरचा आहे. मध्याच्या वेळी खरी आधाररेषा, म्हणजे ग्रह समोर नसतानाच्या तेजाची पातळी, १.००० वर नव्हती, ०.९९७ च्या जवळ होती. ते ०.३ टक्के वजा करा. २.९ चे २.६ झाले.

हे मी आलेख बघून केलेलं हिशेबी अनुमान आहे, तुमच्या मूळ प्रतिमा मी पाहिलेल्या नाहीत. शिवाय हा परिणाम किती मोठा असेल ते कॅमेऱ्याच्या चिपवर, त्या रात्रीच्या धुळीवर आणि दोन ताऱ्यांच्या रंगांतल्या फरकावर अवलंबून असतं. दुसऱ्या कुणाला याच कारणाने ०.१ टक्काच फरक दिसेल. पण दिशा मात्र ठरलेली आहे, आणि मी सगळ्यात आधी दिशाच बघतो. कोणतंही कारण पुढे आलं की पहिला प्रश्न हा: याने आलेखातला खड्डा (तेजातली घट) खोल होतो की उथळ? उदाहरणार्थ, कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की तारा ७.७ प्रतीचा, चांगलाच तेजस्वी, म्हणून कॅमेरा संपृक्त झाला असणार, म्हणजे त्याची प्रकाश मोजायची क्षमताच संपली असणार. झाला असता तर ग्रह समोर नसतानाचं तेज वरून कापलं गेलं असतं आणि खड्डा उथळ आला असता. तुमचा खोल आहे. तसंच शेजारच्या ताऱ्याचं. एचडी १८९७३३ ला सुमारे ११ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) एक लाल बटू जोडीदार आहे, २००६ मध्ये सापडलेला. त्याचा उजेड मोजणीच्या वर्तुळात मिसळला तरी खड्डा उथळच होईल, आणि तो इतका मंद आहे की दृश्य प्रकाशात त्याने काहीच बिघडत नाही. दोन्ही कारणं बाद.

आता उरलेल्या २.६ चं काय? पुस्तकी आकडा २.४ आहे ना? इथे बहुतेक जण फसतात, कारण २.४ टक्के ही खड्ड्याची खोली नाहीच. ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या साधारण ०.१५५ पट आहे, तिचा वर्ग म्हणजे ०.०२४. हे बिंबांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर झालं. ताऱ्याचं बिंब सगळीकडे सारखं उजळ असतं तर खोली बरोबर तेवढीच आली असती. पण ताऱ्याची कड मंद असते. सूर्याची प्रतिमा कागदावर पाडून पाहिली असेल तर मधला भाग लख्ख आणि कड मळकट, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आपला ग्रह ताऱ्याच्या मध्यावरून जात नाही, मध्यापासून सुमारे दोन तृतीयांश त्रिज्या बाजूने जातो. तिथलं तेज मध्याइतकं नाही, तरी सगळ्या बिंबाच्या सरासरीपेक्षा थोडं जास्तच आहे, कारण सरासरी खाली ओढणारी अंधुक कड अजून बाहेर आहे. म्हणजे ग्रह सरासरीपेक्षा उजळ तुकडा झाकतो आणि खड्डा क्षेत्रफळाच्या हिशेबापेक्षा पाच-सात टक्क्यांनी खोल येतो, २.४ चा साधारण २.५ ते २.६. म्हणजे तुमचं मोजमाप आता जवळजवळ जागेवर आलं.

या बाजूने जाण्यामुळे आलेखाचा आकारही वाटीसारखा होतो. ग्रहणाच्या भाषेत सांगायचं तर स्पर्शापासून मोक्षापर्यंत सुमारे एक तास पन्नास मिनिटं, पण त्यातली जवळपास पंचवीस मिनिटं आत शिरण्यात आणि तितकीच बाहेर पडण्यात जातात. तळ जेमतेम तासभर. आणि तोही सपाट नाही, किंचित गोलसर. म्हणून 'तळाच्या ठिपक्यांची सरासरी घेऊन वर्गमूळ काढा' हा झटपट उपाय या ताऱ्याला लावू नका. कडेच्या मंदपणासकट पूर्ण आकार जुळवणाऱ्या संगणक प्रणाल्या फुकट मिळतात. मात्र आधाररेषेचा कल आणि अधिक्रमण दोन्ही एकाच वेळी जुळवायला सांगा. आधी कल सरळ करून मग खड्डा मोजायला गेलात तर तुम्ही कलाबद्दल जे गृहीत धरलं ते गुपचूप खड्ड्यात जाऊन बसतं.

तिसरी गोष्ट ताऱ्याची त्रिज्या. ही चूक तुमच्या निरीक्षणाची नाही, पण १.३३ मध्ये तिचाही वाटा आहे. ०.८० हा आकडा चुकीचा नाही. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर चारा नावाची दुर्बिणींची रांग आहे, अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून ताऱ्याचं बिंब थेट मोजणारी. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या मोजमापात तिने या ताऱ्याचा कोनीय व्यास ०.३८५ सहस्रांश विकला इतका मोजला, आणि त्यावरून त्रिज्या ०.८०५ आली. पण ग्रहाचा १.१४ हा आकडा ज्या गणितातून येतो, त्यात ताऱ्याची त्रिज्या ०.७६ च्या आसपास धरलेली आहे, वर्णपट आणि ताऱ्यांच्या उत्क्रांतीची प्रारूपं वापरून काढलेली. तुम्ही एका घरचा तारा घेतलात आणि दुसऱ्या घरच्या ग्रहाशी तुलना केलीत. ०.८० धरायचं असेल तर ग्रहही १.२१ च्या आसपासचाच घ्यायला हवा.

इथवरचा हिशेब एकदा मांडू. २.९ टक्के आणि ०.८० वरून १.३३. आधाररेषा दुरुस्त केली की २.६, ग्रह १.२५. कडेचा मंदपणा धरला की २.४, ग्रह १.२१. ताऱ्याची त्रिज्या ०.७६ घेतली की १.१५. गाठ सुटली, आणि तीन धाग्यांपैकी एकच तुमच्या दुर्बिणीच्या टोकाशी होता.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही, पण हे माहीत असायला हवं: हा ग्रह २००५ मध्ये फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत सापडला, तेव्हा जाहीर झालेली खोलीही सुमारे ३ टक्केच होती, आणि त्रिज्या गुरूच्या १.२६ पट. पुढच्याच वर्षी जास्त दुर्बिणींनी, जास्त वेळा बघून ती १.१५ वर आली. वस्तुमान मात्र फारसं हललं नाही, तेव्हाही गुरूच्या १.१५ पट होतं आणि आजही त्याच घरात आहे, कारण ते ताऱ्याच्या डगमगण्यावरून निघतं. तारा सेकंदाला दोनशे मीटरच्या वेगाने पुढे-मागे डोलतो, तो डोल वर्णपटात दिसतो.

आता डाग. सगळ्यांना डागांवर खापर फोडायला आवडतं, मलाही आवडायचं. हा तारा खरोखरच डागाळलेला आहे. सुमारे बारा दिवसांत स्वतःभोवती फिरतो आणि फिरताना त्याचं तेज एक-दोन टक्क्यांनी कमी-जास्त होतं. सूर्याला एका फेरीला पंचवीसहून जास्त दिवस लागतात, यावरून हा तारा किती खळबळता आहे ते समजावं. ग्रहाच्या वाटेवर नसलेले डाग खड्डा खोल करतात, म्हणजे दिशा तुमच्या बाजूची आहे. कारण डागांमुळे एकूण उजेड कमी झालेला असतो, पण ग्रह झाकतो तो डाग नसलेला, पूर्ण उजळ भाग. पण किती? डागांनी तारा तब्बल दोन टक्के मंदावला असं धरा. तर २.६० चा खड्डा २.६५ होईल. तुम्हाला हवे आहेत ०.३. डाग निर्दोष.

ग्रहाच्या वाटेतच डाग आला तर मात्र उलटं होतं. ग्रह आधीच काळसर असलेला तुकडा झाकतो, म्हणून तळाशी एक छोटा उंचवटा येतो. हबल दुर्बिणीने या ताऱ्याच्या आलेखात असे उंचवटे अगदी स्पष्ट टिपले आहेत. ते वाचल्यावर मला माझ्याही आलेखात एक उंचवटा दिसला. बरोबर तळाच्या मध्यावर. मी दोन आठवडे हवेत होतो. मग नोंदवही उघडली आणि दिसलं की नेमक्या त्याच मिनिटाला दुर्बीण मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडून उलटी फिरली होती, ज्याला आपण सगळे मेरिडियन फ्लिप म्हणतो. तुलना-तारा चिपच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला होता, जिथे माझ्या फ्लॅटमध्ये (चिपची असमानता दुरुस्त करायला घेतलेल्या एकसारख्या उजेडाच्या प्रतिमेत) धुळीचा एक कण होता. तेव्हापासून मी फ्लिपची वेळ आलेखावर आधी उभ्या रेघेने आखतो आणि मगच ठिपके टाकतो.

डागांचा प्रश्न खरा पेटतो तो टक्क्याच्या शंभराव्या भागात, जिथे ग्रहाच्या वातावरणाचा शोध चालतो. वेगवेगळ्या रंगांत अधिक्रमणाची खोली किंचित वेगळी येते. ज्या रंगात वातावरण अपारदर्शक, त्या रंगात ग्रह मोठा दिसतो. क्ष-किरणांत तर चंद्रा दुर्बिणीने मोजलेला, २०१३ मध्ये जाहीर झालेला खड्डा ६ ते ८ टक्के भरला, कारण विरळ बाह्य वातावरणही क्ष-किरण अडवतं. (तेव्हा ग्रहाची त्रिज्या किती, हा प्रश्न 'कोणत्या रंगात' विचारल्याशिवाय पुरा होतच नाही.) हबलच्या निरीक्षणांत निळ्याकडे जाताना ग्रह मोठा होत जातो. त्यावरून २००८ मध्ये असं सुचवलं गेलं की वातावरणात सिलिकेटच्या अतिसूक्ष्म कणांचं धुकं असावं. पुढे २०१४ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की या चढाचा बराच भाग न झाकलेल्या डागांमुळेही येऊ शकतो, कारण डाग थंड असतात आणि निळ्यात जास्तच काळे दिसतात. तुमच्या प्रश्नाचंच हे धाकटं भावंड, फक्त शंभरपट बारीक.

मिथेनची गोष्टही तशीच. २००८ मध्ये हबलच्या मोजमापांवरून या ग्रहावर मिथेन असल्याचं जाहीर झालं. २०११ मध्ये तीच मोजमापं दुसऱ्यांनी तपासली, तर उपकरणाचा कल कोणत्या पद्धतीने काढून टाकता त्यावर निष्कर्ष बदलतो असं निघालं. वेब दुर्बिणीने अवरक्तात पाहिलं (निष्कर्ष २०२४ मध्ये आले) तेव्हा पाणी, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड सापडले, हायड्रोजन सल्फाइडही सापडला, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. मिथेन नव्हता.

आता निळा रंग आणि काचेचा पाऊस. निळा रंग खरा आहे, म्हणजे मोजलेला आहे. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निरीक्षणात हबलने ग्रह ताऱ्याच्या मागे जाताना पाहिलं. मागे गेला की ग्रहावरून परावर्तित होणारा उजेड बंद होतो. त्या क्षणी निळ्या पट्ट्यातलं तेज थोडं घटलं, हिरव्यात घटलेलं दिसलं नाही. म्हणजे ग्रह निळा प्रकाश परत फेकतो, बाकीचा गिळतो. ही घट मात्र दहा हजारांत एक भागाहून थोडीशीच जास्त होती. तुमच्या ठिपक्यांचं विखुरणं हजारात तीन आहे, तेव्हा हा प्रयोग आपल्यासाठी नाही. आणि ग्रह वेगळा ठिपका म्हणून दिसण्याचा तर प्रश्नच नाही, ६४ प्रकाशवर्षांवरून त्या दोघांतलं अंतर दीड सहस्रांश विकला भरतं.

काचेचा पाऊस हा त्या सिलिकेटच्या धुक्यावरून पुढे नेलेला तर्क आहे. कण सिलिकेटचे, वारे प्रचंड, म्हणजे काच आडवी उडत असणार, असं. वाऱ्याचा वेग मोजला गेलाय, सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर. पाऊस कुणी मोजलेला नाही. मला स्वतःला वाऱ्याचा पुरावा जास्त आवडतो, आणि तो फार साधा आहे. हा ग्रह ताऱ्याकडे कायम एकच बाजू ठेवून फिरतो, त्यामुळे सर्वांत तापलेली जागा बरोबर ताऱ्यासमोर असायला हवी. २००७ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने ग्रहाच्या उष्णतेचा नकाशा काढला, तर ती जागा पूर्वेला सरकलेली निघाली. वारा ऊन ढकलत नेतो! रात्रीची बाजूही फार थंड नव्हती, सुमारे ९७० केल्विन, तर दिवसाची १२०० केल्विन.

तुम्ही शेवटी सहज विचारलंय की नारिंगी बटू तारे जीवसृष्टीला सर्वांत अनुकूल म्हणतात ते हेच का. जात तीच, पण म्हणणं त्या ताऱ्यांच्या दीर्घ आयुष्याबद्दल आहे. ते सूर्यापेक्षा सावकाश जळतात, आणि लाल बटूंसारखे सतत भडकत नाहीत. ते लागू होतं ते शांत, वयस्कर नारिंगी ताऱ्याला आणि त्यापासून बेताच्या अंतरावरच्या ग्रहाला. आपला ग्रह ताऱ्यापासून साधारण साडेसेहेचाळीस लाख किलोमीटरवर आहे, बुध सूर्यापासून आहे त्याच्या बारावा हिस्सा. तिथून तारा आकाशात १३ अंश रुंद दिसेल, आपल्या सूर्यबिंबाच्या पंचवीसपट. पृथ्वीला मिळतं त्याच्या तीनशेपटींहून जास्त ऊन त्याला मिळतं. सप्टेंबर २०११ मध्ये ताऱ्यावर क्ष-किरणांचा भडका उडाला आणि त्यानंतर काही तासांत ग्रहाचं हायड्रोजन अवकाशात निसटताना दिसलं. २०१० मध्ये तेच बघितलं होतं तेव्हा काहीच दिसलं नव्हतं. घर बांधायची जागा नव्हे.

तरी निरीक्षकाच्या दृष्टीने हा तारा लाडका का, ते सांगतो, कारण त्यातून पुढची दिशा कळेल. एचडी २०९४५८ हा दुसरा प्रसिद्ध तारा, सूर्यासारखा. त्याचा ग्रह आपल्या ग्रहापेक्षा मोठा आहे, तरी खड्डा दीड टक्क्याचाच. तारा मोठा, म्हणून. नारिंगी बटू आकाराने लहान असल्यामुळे तेवढाच ग्रह मोठा घास घेतो. शिवाय ग्रह जवळ, म्हणून अधिक्रमण दर २ दिवस ५ तास १५ मिनिटांनी. एक रात्र ढगात गेली तर वर्षभर थांबावं लागत नाही. आणि तारा सापडायला सोपा, जंबुक तारकासमूहातल्या डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारी.

शेजार चांगला असला तरी तोच अडचणही आहे. आकाशगंगेच्या पट्ट्यात ताऱ्यांची दाटी असते, पण लहान दृश्यक्षेत्रात या ताऱ्याइतके तेजस्वी आणि रंगानेही जवळचे तारे सहज मिळत नाहीत. म्हणून तुम्ही सर्वांत तेजस्वी दिसला तो घेतलात. मी तसं करत नाही. मी दोन-तीन मंद पण नारिंगी-पिवळसर तारे घेतो आणि त्यांच्या प्रकाशाची बेरीज वापरतो. एकट्याचा गोंगाट, म्हणजे ठिपक्यांचं विखुरणं, जास्त असतो, बेरजेत तो कमी होतो, आणि हवेचा परिणाम सगळ्यांवर जवळपास सारखा पडतो. आपल्या ताऱ्याचा रंगनिर्देशांक, म्हणजे निळ्या आणि हिरव्या-पिवळ्या फिल्टरमधल्या प्रतींतला फरक, ०.९३ आहे. ०.७ ते १.२ च्या आतले शोधा. तुमच्या जुन्याच प्रतिमांत ते असतील, म्हणजे नवीन निरीक्षण न करताही आलेख पुन्हा काढता येईल. माझ्या मते हे आधी करा, बाकी सगळं नंतर.

पुढच्या वेळी लाल फिल्टर लावा. प्रकाश कमी मिळेल, पण या ताऱ्याला प्रकाशाची ददात नाही. उलट प्रतिमा थोडी अस्पष्ट करून, तारा लहानशा चकतीइतका पसरवून जास्त वेळ उघडीप (एक्स्पोजर) देता येईल. कमी वेळाच्या उघडीपीत हवेच्या लुकलुकण्याने होणारा गोंगाट त्यामुळे दबतो. किती अस्पष्ट करायचं ते चिपवर अवलंबून. शेजारचे तारे चकतीत घुसू लागले की थांबा.

आणि स्पर्शाच्या किमान पाऊण तास आधी सुरुवात करा, मोक्षानंतर तेवढंच थांबा. बारा मिनिटांची डावी बाजू म्हणजे एका पायावर उभी तिवई. त्या रात्री तुम्ही उशीर केलात असं मी म्हणत नाही. दुर्बीण थंड होईपर्यंत, ताऱ्याचा माग धरणारं मार्गदर्शन बसेपर्यंत वेळ जातोच, मी आजही दोनदा तरी घड्याळ बघून चरफडतो. पण आधी अर्धाच तास मिळणार असेल तर मी ती रात्र सोडतो आणि पुढची गाठतो. नऊ फेऱ्यांनी, म्हणजे वीस दिवसांनी अधिक्रमण घड्याळात पाऊण तास आधी येतं. तारा मात्र त्या वीस दिवसांत सव्वा तासाहून जास्त आधी उगवायला लागलेला असतो, म्हणजे अधिक्रमणाच्या वेळी तो पश्चिमेला आणखी अर्धा तास कललेला मिळेल. तुमची रात्र आधीच पश्चिमेला झुकलेली होती, तेव्हा वीस दिवसांनंतरची नको. मधल्या तारखा काढून ज्या रात्री अधिक्रमणाचा मध्य मध्यमंडलाच्या जवळ येतो, ती निवडा. तिथे हवेचा थर सर्वांत कमी आणि दोन्ही बाजूंना सारखा असतो. फ्लिप मात्र नेमकी खड्ड्यात येईल. तुमच्या दुर्बिणीची बैठक मध्यमंडलापलीकडे थोडी जाऊ देत असेल तर मोक्षापर्यंत ढकला, नाहीतर सुरुवातीपासूनच पश्चिमेकडच्या स्थितीत राहता येतं का ते पाहा.

जुन्या प्रतिमांवरून नारिंगी तुलना-तारे घेऊन आलेख पुन्हा काढलात की तो इथेच टाका, आणि सोबत दोन्ही खांद्यांची सरासरी वेगवेगळी लिहा. ताऱ्यांची नावं किंवा निर्देशांकही लिहा. डावा आणि उजवा खांदा एक हजारांशाच्या आत आले आणि तरीही खोली २.७ च्या वर राहिली, तर माझं वरचं अनुमान चुकलं, आणि मग मला तुमचे फ्लॅट बघावे लागतील.